डाळीच्या गावातला पावडरचा डबा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ग्राउंडवरची धूळ जशी मोज्यांत घुसून घरापर्यंत येते, तसे तेही येतात. मी लातूरच्या एका शाळेत पीटी शिकवते, आणि शाळा भरायच्या आधी, पहाटे पाच ते सात, पोलीस भरतीच्या पोरापोरींना पळवते. पैसे घेत नाही. शिव्या मात्र भरपूर देते. मैत्रिणी म्हणतात, तू किस्से फार मजेशीर सांगतेस. मी मजेत कधीच सांगत नाही. मी चिडलेली असते, हसतात त्या.

हे सगळे किस्से एका डब्याचे आहेत. त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि प्रोटीन पावडर कुरिअरनं. पाण्याला उशीर व्हायचा. पावडर लेट झालेली मी कधी पाहिली नाही.

त्या वर्षी माझ्या बॅचमध्ये सुजाता होती. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात हमाल, डाळीच्या गिरणीत पोती, म्हणजे कट्टे, उचलायचे. आई तिथंच झाडलोट करायची. सुजाता दोनदा भरतीला उतरलेली आणि दोन्ही वेळा ग्राउंडलाच, म्हणजे मैदानी चाचणीत, थोडक्यात राहिलेली. गोळा कमी पडायचा, आणि धावताना शेवटी शेवटी पाय जड व्हायचे. ही तिसरी खेप. या वेळी नाही झालं तर पुण्याला चुलत्याकडे जायचं आणि कुठल्या तरी कंपनीत साफसफाईच्या कामाला लागायचं, असं घरात ठरलं होतं. तिनं ते मला एकदाच सांगितलं, बुटाची नाडी बांधता बांधता. परत कधी तो विषय काढला नाही.

*

आमच्या ग्राउंडच्या कडेला एक बसकी भिंत आहे. त्या भिंतीवर पोरं आपापले डबे मांडायची. काळे, निळे, वर सोनेरी अक्षरं, आणि एक दंडवाला गोरा माणूस. ज्याचा डबा मोठा तो पुढच्या रांगेत पळणार, असा एक अलिखित नियमच झाला होता. मी म्हणायचे, "अरे, भरती डब्याची आहे का तुमची?" कुणी ऐकत नव्हतं.

त्यात उदगीरकडचा शिवकुमार होता. घरचे एकदम शाकाहारी, गळ्यात लिंग, पोरगा गरीब स्वभावाचा. उदगीर जिल्हा होणार अशी हवा त्या वर्षीही उठलेली. नवा जिल्हा म्हणजे नवं एसपी ऑफिस, म्हणजे नव्या जागा, असा त्याचा सरळ हिशोब होता. त्याचा डबा भिंतीवरचा सगळ्यात मोठा.

एक दिवस वाऱ्यानं तो डबा खाली पडला. झाकण उघडलं आणि सगळ्या ग्राउंडभर फुटाणे सांडले.

पोरं हसून लोळायला लागली. मी शिवकुमारला बाजूला घेतलं. म्हटलं, "हे काय?" तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, रिकामा डबा जिमवाल्याकडून मागून आणलाव. फुटाणे पिशवीतून खाल्लं की पोरं भिकारी म्हणतेत."

मला पोरांचा राग आला, त्याचाही आला. सगळ्यात जास्त राग आला तो त्या डब्यावरच्या गोऱ्या माणसाचा. बाकीच्या पोरांना मी ते सगळे फुटाणे वेचायला लावले, आणि धुवायला पाणी नव्हतं म्हणून फुंकून खायला लावले. त्या दिवशी सगळ्यांच्या पोटात खरं प्रोटीन गेलं.

*

हे डबे यायचे राजूच्या दुकानातून. राजू आधी मोबाईलची कव्हरं विकायचा. एका उन्हाळ्यात कव्हरं आतल्या खोलीत गेली आणि पुढं डबे आले. वर बोर्ड लागला: न्यूट्रिशन. ग्राउंडवरच्या पोरांना तो "चॅम्पियन" म्हणायचा, सगळ्यांनाच.

मी एकदा मुद्दाम गेले. एक डबा उचलला आणि विचारलं, "वजन वाढवायला काय देता?"

म्हणाला, "हेच."

"आणि कमी करायला?"

"हेच. चमचा कमी करायचा."

माझं डोकं तापायला लागलं होतं. तरी शांतपणे विचारलं, "यात असतं काय?"

"इम्पोर्टेड हाय मॅडम."

"ते वाचलं मी. आत काय आहे?"

राजूनं डबा हातात घेऊन फिरवला, वरून पाहिला, खालून पाहिला आणि म्हणाला, "आत पण इम्पोर्टेडच हाय."

त्याच्या दुकानात एका डब्याची जी किंमत होती, तेवढ्यात माझ्या बॅचमधल्या एका पोरीला महिनाभर रोज दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, पावशेर दूध आणि पोटभर डाळ मिळाली असती, आणि वर पैसे उरले असते. मी हे राजूला सांगितलं. तो म्हणाला, "पण मॅडम, अंड्यावर फोटो कुठं असतो?"

*

भिंतीवरचा एक रिकामा डबा मी घरी नेला आणि त्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. पहिलाच शब्द होता व्हे. व्हे म्हणजे दूध फाडल्यावर जे पाणी राहतं ते. आपण निवळी म्हणतो. हे लोक तेच पाणी गाळतात, आटवतात, वाळवतात, त्याची पावडर करतात आणि त्यात चॉकलेटचा वास घालतात. खोटं नाही ते. अस्सल डबा असेल तर त्यात प्रोटीन असतं, चांगलं असतं, आणि ज्याला दुसरं काही पचत नाही किंवा मिळत नाही त्याला उपयोगही होतो. पण विकायचा, तर डब्याबरोबर हेही सांगा की हे दुधाचंच पाणी आहे. नाही सांगत. दंडवाल्या माणसाचं चित्र काढतात.

शिवकुमारच्या काकांचं उदगीरला मिठाईचं छोटं दुकान. पनीर करतात, कलाकंद करतात. शिवकुमारनं त्यांना फोनवर सांगितलं की मॅडम म्हणतात, डब्यात निवळी असते. काकांचा विश्वास बसेना. मला फोन द्यायला लावला.

"मॅडम, निवळी? पनीर काढल्यावर राहते ती?"

"हो, तीच."

"ती तर आमी रोज नालीत सोडतो."

"अहो, त्यातच ते प्रोटीन असतं."

काका म्हणाले, "म्हणजे वीस वर्षं झाली, मी नालीला पैलवान करून राहिलो."

*

माझा भाऊ नांदेडला असतो, रेल्वेत नोकरी. त्याच्या पोराला, म्हणजे माझ्या भाच्याला, जिमच्या कोचनं सांगितलं की हा डबा घेतल्याशिवाय तू माझ्या हाताखाली व्यायाम करायचा नाही. भावजयीचा मला फोन. "वन्स, तुम्ही या. हे ऐकत नाहीत, पोरगा ऐकत नाही, आणि तो कोच तर माझ्याशी बोलतच नाही."

मी गेले. कोचचे दंड खरंच दांडगे होते, हे कबूल करते. भिंतीवर त्याचाच मोठा फोटो, एका हातात डबा. मी विचारलं, "तुम्ही स्वतः किती वर्षं पिता ही पावडर?"

तो प्रामाणिक निघाला, एवढंच त्याचं पुण्य. म्हणाला, "मी? न्हाई मॅडम. मला कशाला लागतंय? मामाची मटणाची दुकान हाय."

भाचा शेजारीच उभा होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण गंमत म्हणजे डबा त्यानं तरीही घेतला. "आत्या, मामा सगळ्यांना नसतो ना," म्हणाला. त्याचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

*

आता हा किस्सा सांगताना कुणी हसलं तर मी उठून जाते.

त्या उन्हाळ्यात लातुरात टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. भरतीची पोरं सहा-सहा जणांनी एका खोलीत राहायची. खोलीत एकच ड्रम. पावडरचा शेक करायला पाणी लागतं, आणि ज्यात तो हलवायचा तो शेकर धुवायला त्याहून जास्त लागतं, नाही तर दुसऱ्या दिवशी त्याचा असा वास सुटतो की माणूस खोली सोडून जावा. म्हणून त्या खोलीत पाण्याचे दिवस वाटून घेतले होते. ज्याचा नंबर, त्यानं शेक करायचा.

एक पोरगा होता, नाव सांगत नाही. इस्लापूरकडचा. राजूनं त्याला सांगितलं होतं की डोस चुकला तर मागचं सगळं वाया जातं. त्याचा पाण्याचा नंबर नव्हता. त्यानं दोन चमचे पावडर कोरडीच तोंडात टाकली, गिळली, वरून घोटभर पाणी प्यायला आणि ग्राउंडवर आला. पाचव्या फेरीत पडला. ओठ पांढरे, पोटऱ्यांना गोळे आलेले. आम्ही ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. सलाईन लावता लावता विचारलं, "काय खाल्लं होतंस?"

"पावडरचे दोन स्कूप."

"आणि पाणी किती प्यायलास कालपासून?"

पोरगा म्हणाला, "सर, माझा नंबर उद्या होता."

मी बाहेर येऊन राजूला फोन केला आणि जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. तो सगळं ऐकून म्हणाला, "मॅडम, डब्यावर लिहिलेलं असतंय की पाण्यात मिसळा. वाचायला पाहिजे ना पोरानं."

*

त्यानंतर आठ दिवसांनी सुजाता माझ्याकडे आली. धावून झालं होतं, सगळे गेले होते. म्हणाली, "मॅडम, मी डबा घेऊ का?"

मी भडकले. इतके दिवस कानीकपाळी ओरडतेय ते काय भिंतीला? डाळ खा, शेंगदाणे खा, अंडं खा, किती वेळा सांगितलं? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "बाबाच म्हणलेत, घेऊ. डाळीपेक्षा डबा पुरतो म्हणतेत, राजू उधारीवर देतो."

मला ते काही कळेना. डाळीपेक्षा डबा पुरतो? हा लातूरचा माणूस बोलतो? अर्ध्या देशाला डाळ पुरवणारं गाव हे. मी संध्याकाळी तणतणतच तिच्या घरी गेले, मोंढ्याच्या मागच्या वस्तीत.

घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. खाली सुजाताची आई चाळणी घेऊन बसलेली. पुढं मातेरं, म्हणजे मोंढ्यात झाडून गोळा केलेले, मातीत मिसळलेले दाणे. दुष्काळात मालच येत नव्हता, त्यामुळं मातेरंही मूठभर. त्यातनं खडे, माती बाजूला काढून ती डाळीचे तुकडे निवडत होती.

सुजाताचे वडील बाजेवर बसले होते. मी म्हटलं, "दादा, डब्याच्या नादी लागू नका. तिला रोज दोन वाट्या घट्ट डाळ द्या."

ते म्हणाले, "मॅडम, डाळ रोज या पाठीवर असती. भाव लई वर गेला. ताटात उतरत न्हाई."

बस, एवढंच. रागावून नाही, तक्रार म्हणूनही नाही. मला कुठं तोंड लपवू असं झालं. मी पहाटे पाचला शिट्टी फुंकत "डाळ खा, डाळ खा" ओरडत होते आणि त्या वर्षी डाळ ही श्रीमंतांची गोष्ट झाली होती, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझा पगार महिन्याच्या महिन्याला येतो ना.

निघताना आई दारापर्यंत आली आणि कुजबुजली, "मॅडम, घरात शिजती तेवढी सगळी पोरीलाच घालून राहिलो. हे म्हणतेत, मला डाळ बाधते. चाळीस वर्षं न्हाई बाधली, औंदाच बाधायला लागली."

*

दुसऱ्या दिवशी मी पोरींच्या बॅचला नियम घातला. डबा ग्राउंडवर आणायचा नाही. घरात जे असेल ते मूठभर आणायचं, भिजवलेलं किंवा भाजलेलं, आणि एका कापडावर एकत्र करायचं. धावून झालं की सगळ्यांनी त्यातलं खायचं, कोणी काय आणलं हे विचारायचं नाही. कुणी मटकी आणायची, कुणी शेंगदाणे, कुणी हुलगे. एक डॉक्टरीणबाईंची पोरगी होती, ती बदाम आणायची. पहिल्या दिवशी तिचे बदाम वेगळे वेचून खायला लागली, तर मी तिला दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या. अंडी मी आणायचे. शिवकुमार पोरांच्या बॅचमधला, पण तो लांबून बघायचा. चार दिवसांनी आपले फुटाणे घेऊन आला आणि अंड्यांपासून हातभर लांब बसला.

राजू एकदा ग्राउंडवर येऊन गेला. कापडावरचा तो काला बघून म्हणाला, "मॅडम, असल्यानं भरती होत नसती. जमाना कुठं गेला."

मी म्हटलं, "कुठं गेला?"



सुजाताचा गोळा आधीपेक्षा फूटभर लांब जायला लागला. मग दीड फूट. शेवटी पाय जड होणं बंद झालं. मी तिला शाबासकी दिली नाही. माझा स्वभाव नाही तो. घरी जाऊन एकटीच रडले, ते वेगळं.

*

निकालाच्या यादीत सुजाताचं नाव होतं. मोबाईलवर यादी मोठी करून मी ते चार वेळा वाचलं. पोरींनी ग्राउंडवर तिला गुलाल लावला, तिचा फोटो काढला, स्टेटसला ठेवला.

तिसऱ्या दिवशी शाळेला जाताना चौकात पाहिलं तर राजूच्या दुकानावर हा एवढा मोठा फ्लेक्स. त्यावर गुलालानं माखलेली सुजाता, हसणारी. आणि तिच्या उजव्या हातात डबा. कॉम्प्युटरवर बसवलेला, काळा, सोनेरी अक्षरांचा. वर लिहिलेलं: "लातूरच्या वाघिणीच्या यशाचं रहस्य!"

मी स्कूटी तिथंच आडवी लावली. तोंडातून काय काय निघालं मला आठवत नाही, पण चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. म्हटलं, "या पोरीनं तुझ्या डब्याचं झाकण तरी उघडलंय का कधी?"

राजू अगदी गोडीत. "मॅडम, मी कुठं म्हणलो ती पिती म्हणून? हातात हाय नुसता."

"तिला विचारलंस?"

"पोरगी लातूरची, दुकान लातूरची. घरच्याला काय विचारायचं? उलट तिचं नाव होऊन राहिलंय."

मी पोलिसांत जाते म्हणाले. तो हसून म्हणाला, "जा की. आता तर आपलीच पोरगी हाय तिथं."

तेवढ्यात सुजाताचे वडील आले. कुणी तरी मोंढ्यात जाऊन सांगितलं असावं. तसेच कामावरून आलेले, डोक्यावर कापड, भुवयांवर डाळीची पिवळी भुकटी बसलेली. त्यांनी मला नमस्कार केला आणि वर फ्लेक्सकडे बघत उभे राहिले.

मग मला विचारलं, "मॅडम, पोरीच्या हातात काय हाय ते?"

मी सांगितलं. वर काय लिहिलंय तेही वाचून दाखवलं.

त्यांनी मान हलवली. राजूकडे वळले आणि म्हणाले, "जरा स्टूल द्या."

राजूला वाटलं, बापाला लेकीच्या फोटोपाशी उभं राहून फोटो काढायचाय. त्यानं स्वतः आतून स्टूल आणला, पुसला, धरून उभा राहिला. खिशातून मोबाईलही काढला. "या काका, चढा. मस्त फोटो काढतो."

दादा चढले. कंबरेला कट्टे ओढायचा लोखंडी आकडा खोचलेला होता, तो काढला. त्याच्या टोकानं त्यांनी फ्लेक्स फाडायला सुरुवात केली. घाई नाही, राग नाही. डब्याच्या कडेकडेनं, सुजाताच्या एकेका बोटाला वळसा घालून, बोटांना ओरखडासुद्धा न लावता. राजू खालून ओरडत होता, पण स्टूल सोडता येत नव्हता, सोडला असता तर म्हातारा त्याच्याच अंगावर आला असता.

डबा कापून झाला. दादा खाली उतरले. डोक्यावरचं कापड काढून त्यानं स्टुलावरची आपल्या पायाची माती पुसली. तो फ्लेक्सचा तुकडा घडी न घालता राजूच्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाले,

"हा डबा तुमचा. पोरगी राहू द्या, ती आमची हाय."